दिल्लीचं विमान नागपूरला उतरलं तेव्हा

मी वैमानिक झाले तेव्हा सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीत आईने पेढे वाटले. पेढा हातात घेऊन जो तो विचारायचा, ‘आता नागपूरचं विमान तूच आणशील ना?’ मी नागपूरचं विमान आणणार नव्हते. लांब पल्ल्याच्या विमानात मी रिलीफ पायलट होते, म्हणजे तिघांतली तिसरी आणि सगळ्यांत धाकटी. एवढ्या लांबच्या प्रवासात कॅप्टन आणि सहवैमानिक आळीपाळीने झोपायला जातात. त्या वेळी रिकाम्या झालेल्या खुर्चीत मी बसायचं. विमान वर जाऊन स्थिर झालं की माझं काम सुरू, खाली उतरू लागलं की संपलं. उडताना आणि उतरताना मी त्या दोघांच्या पाठीमागच्या छोट्या खुर्चीत पट्टा बांधून बसणार, डोळे उघडे ठेवणार, काही चुकीचं दिसलं तर लगेच बोलणार. हात मात्र कशालाही लावायचा नाही.

शेजारच्या काकूंना हे समजावताना माझी धांदल उडायची. ‘म्हणजे तू चालवत नाहीस?’ असं त्या काळजीने विचारायच्या. आईला मात्र पहिल्याच दिवशी कळलं. ती धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात सिस्टर आहे.

‘म्हणजे तू रिलीव्हर,’ ती म्हणाली. ‘आमच्याकडे रिलीव्हर आली नाही तं सिस्टरले घरी जाता येत नाही. जो झोपायला गेला त्याले बिनघोर झोप लागली पाहिजे, इतकं नीट पाहत जा.’

लकडगंजातल्या प्लायवूडच्या दुकानातून संध्याकाळी घरी आलेले बाबा तेवढ्यात म्हणाले, ‘पण तुले जेवायले काय देतात तिथे?’ मी कुठूनही फोन केला तरी अजून त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो.

माझ्या सुरुवातीच्या फेऱ्यांमधले कॅप्टन निवृत्तीला आले होते. माणूस कमी बोलणारा. पण समुद्रावर तासन् तास काहीच घडत नसताना ते मधूनच विचारायचे, ‘आत्ता या क्षणी उतरायचं झालं, तर कुठे?’ मग मी सांगायचं: कोणता विमानतळ जवळ, तिथली हवा कशी, धावपट्टी किती लांब, आजारी माणूस असेल तर दवाखाना मिळेल का. उत्तर बरोबर आलं तर ते नुसती मान हलवायचे. चुकलं तर रागवायचे नाहीत. नकाशा माझ्याकडे सरकवायचे आणि मी शोधून काढेपर्यंत थांबायचे. त्या थांबण्याबद्दल मला त्यांचे आभार मानायचे होते. मी एकदा तसं बोलायला गेले, तर म्हणाले, ‘कॉफी आण.’

त्यांच्याच बरोबर मी ऑस्ट्रेलियाहून दिल्लीला येत होते. मार्च संपत आला होता. सगळा प्रवास दिवसाचाच होता. बंगालचा उपसागर ओलांडून आम्ही किनाऱ्याच्या आत आलो होतो. कॅप्टन मागच्या बंकमध्ये झोपले होते. सहवैमानिक त्यांच्या डाव्या खुर्चीत सरकला होता आणि उजवीकडे, त्याच्या जागी, मी. मी इंधनाचा आकडा तपासत होते तेवढ्यात मागून फोन आला. एका वयस्क प्रवाशाच्या छातीत जोराची कळ आली होती, घामाने शर्ट भिजला होता. प्रवाशांमध्ये एक डॉक्टर बाई होत्या, त्या त्यांच्याजवळ बसल्या होत्या.

सहवैमानिकाने मला कॅप्टनना उठवायला सांगितलं. मी दार वाजवलं, तर ते जागेच असल्यासारखे बाहेर आले आणि सगळं ऐकून घेतलं. डॉक्टर बाईंचा निरोप आला: गोळी दिली आहे, ऑक्सिजन लावला आहे, पण दिल्लीपर्यंत थांबणं धोक्याचं आहे.

कॅप्टन माझ्याकडे वळले. ‘आत्ता उतरायचं झालं, तर कुठे?’

‘नागपूर, सर. अगदी समोर आहे. हवा स्वच्छ आहे, धावपट्टी आपल्याला पुरते.’

‘दवाखाना?’

‘धंतोलीत कितीतरी आहेत, सर. विमानतळावरून वर्धा रोडने सरळ. हृदयाचे डॉक्टर तिथे मिळतील. मी तिथलीच आहे.’

त्यांनी मान हलवली आणि मला उठायची खूण केली. माझ्या खुर्चीतून मी बाहेर पडले, सहवैमानिक तिथे सरकला, आणि कॅप्टन आपल्या डाव्या खुर्चीत बसले. नियमाप्रमाणे माझं काम तिथेच संपलं होतं. मी मागच्या खुर्चीचा पट्टा हातात घेतला, तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. आजारी माणसाची बायको घाबरून गेली होती. ती काय बोलते ते हवाई सुंदरींना नीट समजत नव्हतं, आणि त्या काय सांगतात ते तिला कळत नव्हतं.

कॅप्टन मागे न वळता म्हणाले, ‘तू जा. उतरायच्या आधी परत ये.’

काका तीन खुर्च्यांवर आडवे होते. नाकाला ऑक्सिजन, चेहरा राखेसारखा. मावशी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसल्या होत्या. नऊवारी, त्यावर सुनेने दिलेला असावा असा जाड स्वेटर. हवाई सुंदरी त्यांना खुर्चीवर बसायला विनवत होती आणि त्या काकांचा पाय सोडायला तयार नव्हत्या.

‘मले काहीच समजून नाही राहिलं,’ त्या स्वतःशीच बोलत होत्या. ‘ह्यायले कुठे घेऊन चालले हे लोक?’

मी खाली बसले. ‘मावशी, आपण नागपूरले उतरून राहिलो.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा युनिफॉर्म, खांद्यावरच्या पट्ट्या, पुन्हा चेहरा.

‘तू आपल्याकडची का वं?’

‘हो. सक्करदऱ्याची.’

मग त्यांना रडू फुटलं. रडता रडताच त्यांनी सांगितलं की ते दोघे मुलाकडे नातू पाहायला गेले होते. घर वर्धेकडच्या खेड्यात, दिल्लीहून पुढे नागपूरचंच विमान होतं, आणि आणायला येणारा पुतण्या रात्री येणार होता. मी पुतण्याचा नंबर घेतला. काकांनी डोळे उघडले. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, ‘काका, थोडंसंच राहिलं. खाली गाडी उभी आहे.’ ते म्हणाले, ‘बरं.’ आणि पुन्हा डोळे मिटले.

मावशींना खुर्चीवर बसवलं, पट्टा बांधला आणि मी पुढे पळाले. पाठीमागच्या खुर्चीत बसून मी माझं शहर वर येताना पाहिलं. सक्करदऱ्याचा तलाव दिसला. आमची गल्ली शोधायला वेळ नव्हता, आकडे पाहायचे होते. कॅप्टननी विमान इतकं अलगद टेकवलं, की चाकं लागल्याचं मला आवाजावरून कळलं.

दार उघडलं तशी नागपूरची उन्हाळी हवा आत आली. रुग्णवाहिका खरंच उभी होती. विमानतळाच्या लोकांनी कागदपत्रांचं काम तिथल्या तिथे उरकून दिलं. काकांना स्ट्रेचरवरून खाली नेलं. मावशी शिडीच्या वरच्या पायरीवर थांबल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

‘तू चाल माह्यासंगं.’

मला जाता येत नव्हतं. विमान अजून दिल्लीला जायचं होतं. मी त्यांना तसं सांगितलं आणि त्यांच्यासमोरच आईला फोन लावला.

‘आई, मी नागपूरले आहो.’

‘काहून वं? तू तं दिल्लीले जाऊन राहिली होती ना?’

मी थोडक्यात सांगितलं आणि पुतण्याचा नंबर दिला. कोणता दवाखाना ते रुग्णवाहिकेतल्या माणसाने सांगितलं. आईची ड्युटी नुकतीच संपली होती आणि ती घरी जायला निघाली होती. तिने दुसरं काही विचारलं नाही. ‘आमच्या पलीकडचाच आहे तो. फोन त्या बाईले दे.’

मावशींनी फोन कानाला लावला. आई काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मावशी ‘हो, हो’ म्हणत राहिल्या, मग फोन मला देऊन म्हणाल्या, ‘तुही माय दवाखान्याच्या दाराशी उभी राहते म्हणते.’ आणि खाली उतरल्या.

विमानात इंधन भरायला सुरुवात झाली. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून चाकं, पंख, इंजिनं पाहून येणं हे आमच्या विमानात धाकट्याचं काम असतं. ते मी जगातल्या कितीतरी विमानतळांवर केलं होतं, माझ्या गावात पहिल्यांदाच करत होते. पायाखालचं डांबर तापलं होतं. एका चाकाशी वाकून पाहताना मला एकाएकी जाणवलं, की याच शहरातल्या एका दवाखान्याकडे माझी आई पायी चालली असेल, पर्स काखेत दाबून, भरभर. माझे डोळे भरून आले. इंधनवाल्याने विचारलं, ‘मॅडम, सब ठीक?’ मी म्हटलं, ‘सब ठीक.’

कॅप्टननी ड्युटीचे तास तपासले. दिल्ली गाठता येत होती. निघण्यापूर्वी त्यांनी मला प्रवाशांशी बोलायला सांगितलं. मी इंग्रजीत आणि हिंदीत सांगितलं, की रुग्ण दवाखान्यात पोचले आहेत आणि थांबल्याबद्दल आम्ही सगळ्यांचे आभारी आहोत. मग कॅप्टननी हाताने खूण केली, अजून एक. म्हणून मराठीत सांगितलं. मागून कुणीतरी टाळी वाजवली.

दिल्लीत उतरल्यावर आईचा फोन आला. ‘स्टेंट टाकला. धोका टळला म्हणतात. बाई माझ्याजवळ आहे. डब्यातली पोळी खाल्ली तिने, आता पडली आहे जराशी. पुतण्या येईपर्यंत मी आहो इथे.’

‘आई, थँक यू.’

‘तू जेवली का?’ बाबांचा प्रश्न त्या दिवशी तिने विचारला.

कॅप्टन बॅग ओढत पुढे चालले होते. मी त्यांना गाठून बातमी सांगितली. ते थांबले. ‘तुझ्या आईला माझा नमस्कार सांग,’ ते म्हणाले. त्यानंतर काही महिन्यांनी ते निवृत्त झाले.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आई मावशींच्या गावी गेलो. त्यांनी बोलावणं लावूनच धरलं होतं. काका अंगणात खाटेवर बसले होते, बारीक झालेले पण तुकतुकीत. शेत पुतण्या पाहतो, पण आपण स्वतः रोज सकाळी तुरीच्या कडेने एक चक्कर मारून येतो, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. मग म्हणाले, ‘पोरी, त्या दिवशी विमान तूच उतरवलं ना?’

‘नाही काका. मी मागे बसली होती.’

‘मग तू काय केलं?’

माझ्याआधी मावशीच चुलीजवळून म्हणाल्या, ‘माह्याशी बोलली ना ती.’ आणि भाकर थापत राहिल्या.

जेवणात वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि वरून कच्चं तेल घातलेला ठेचा होता. ऑस्ट्रेलियातून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. ‘थँक यू ताई’ एवढं म्हणून त्याने काकांच्या नातवाला पुढे केलं. आईने काकांच्या गोळ्या मागवून घेतल्या, एकेक पाकीट उलटून पाहिलं आणि त्यांच्या ताटातलं खारट लोणचं शांतपणे उचलून माझ्या ताटात ठेवलं.