वसुंधराताईंची साइडलाइन

वसुंधरा पिंपळापुरे पहिल्यांदा रग्बीच्या मैदानात शिरल्या त्या पदर खोचून आणि रेफरीला न विचारता.

रुआबांध्याकडच्या मैदानावर त्यांच्या मुलीचा, उत्कर्षाचा, पहिलाच सामना होता. रग्बी म्हणजे हातानं खेळायचा फुटबॉल, एवढीच ताईंची माहिती. लेक चेंडू घेऊन सुटली, दोघींनी तिला कमरेशी धरून आडवं केलं, वरून आणखी दोघी वाकल्या आणि लेक दिसेनाशी झाली. ताई धावत आत गेल्या आणि सगळ्यात वरच्या पोरीची जर्सी धरून ओढू लागल्या.

“सोड माझ्या पोरीले! जीव घेता का तिचा?”

शिट्टी वाजली. ढिगाऱ्यातून धुळीनं माखलेलं डोकं वर आलं. “आई, बाहर जा ना! ये गेम ऐसाच है!”

दोघी स्कूटीवरून सेक्टर दोनमधल्या कंपनीच्या क्वार्टरवर आल्या. घरी पोचताच उत्कर्षा रडली. “सगळ्या हसून राहिल्या माझ्यावर. तू नको येऊ आता.”

स्टील प्लांटमधून शिफ्ट करून आलेले ताईंचे यजमान धनंजयराव हे ऐकून इतके हसले, की त्यांना चहाचा कप खाली ठेवावा लागला. “तू काहून गेली पण आत?”

“तुम्ही असते तर पाहत राहिले असते का?” असं म्हणून ताई स्वयंपाकघरात गेल्या. ‘नको येऊ’ हे शब्द त्यांना फार लागले होते. काही दिवस गेले. मग एका दुपारी पोळ्या लाटता लाटता लेकीला म्हणाल्या, “मले शिकव. समजलं तर मी आत नाही येणार.”

क्वार्टरच्या मागच्या अंगणात शिकवणी सुरू झाली. लांबोळका चेंडू ताईंच्या हातून सारखा निसटायचा.

“पुढे धावायचं अन् चेंडू मागे फेकायचा? कोणाच्या डोक्यातून निघालं हे?”

“मागे आपलीच पोरगी असते ना आई. तिलेच द्यायचा.”

हे त्यांना पटलं. पण पाडापाडी काही पटेना. शेवटी त्यांनी जुनी गादी अंगणात टाकली. “आता मले पाड.”

“पागल झाली का?”

“पाड म्हणते ना!”

उत्कर्षानं डोकं बाजूला घेतलं, आईच्या मांड्यांना मिठी मारली आणि तिच्यासकट गादीवर आली. पेरूच्या झाडाखाली आडव्या पडल्या पडल्या ताई हसायला लागल्या. पाडणारीसुद्धा सोबत पडते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यानंतर एकही सामना त्यांनी चुकवला नाही. पोरींची नावं पाठ झाली आणि ओरडून ओरडून घसा बसू लागला. पुढे उत्कर्षा फिजिओथेरपी शिकायला नागपूरला गेली आणि तिचा खेळ सुटला. तरीही रविवारी ताई मैदानावर हजर.

“ताई, उत्कर्षा तर गेली ना?” कोच मितालीनं विचारलं.

“मंग काय मी घरी बसू?”

मितालीनं त्यांच्या हाती साइडलाइनचा झेंडा दिला; चेंडू नेणारीचा पाय कडेच्या रेषेला लागला, की तो वर करायचा.

गेल्या हिवाळ्यात रसमड्याच्या संघाशी सामना होता. शेवटच्या क्षणी मितालीच्या संघातली गुंजन साइडलाइनच्या कडेनं वाऱ्यासारखी सुटली आणि तिनं समोरच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू टेकवला, म्हणजे ट्राय झाला. सगळ्या नाचू लागल्या. ताईंचा झेंडा मात्र वर होता. गुंजनचा पाय रेषेवर पडला होता. ट्राय गेला, सामनाही गेला.

“काकू, आप तो हमारी साइड हो ना!” गुंजन रडवेली झाली होती.

“हो बेटा. पण पाय लाइनवर होता.”

त्या दिवशी पोरींनी ताईंशी धड बोलणंच टाळलं. संध्याकाळी उत्कर्षाचा फोन आला.

“आई, रडून राहिली का तू?”

“नाही. म्हणजे, थोडी.”

“पाय होता ना लाइनवर?”

“पुरा होता. पण पोरगी किती जीव तोडून धावली होती गं!”

पुढच्या रविवारी गुंजन सगळ्यांच्या आधी येऊन थांबली होती. ताईंना पाहताच तिनं चेंडू काखेत मारला आणि ती रेषेच्या कडेनं धावत सुटली. टोकाशी वळून ओरडली, “काकू, अब?”

“आता बरोबर! पण वळताना पाहा, उजवा पाय बाहेर जाते तुझा.”

“तो आप चलो ना बाजू से. पैर जाते ही बताना.”

वसुंधराताईंनी झेंडा खाली ठेवला आणि साडीच्या निऱ्या एका हातात धरून तिच्या बाजूनं धावायला लागल्या.