उघडं राहिलेलं पान

"हितं बघा. ह्ये माझं नाव, ह्यो माझा नंबर. काय बिघडलं तर मला शिव्या घाला, कॉम्प्युटरला न्हाई."

वेबसाइट तयार झाली की अण्णा गिऱ्हाइकाला शेजारी बसवत, पान सरकवत थेट तळाशी नेत आणि पडद्याच्या काचेवर बोट टेकवून हे म्हणत. गिऱ्हाइकाचं लक्ष वर, स्वतःच्या फोटोभोवती फिरणाऱ्या फुलांवर. एका शाळेच्या चेअरमनने तर तळातलं ते नाव काढून तिथे वडिलांचा फोटो बसवायला सांगितला. अण्णांनी फोटो बसवला, पण वर. नाव जिथल्या तिथे.

बीदरच्या जुन्या बसस्टँडमागे खाली माझा फोटो स्टुडिओ होता आणि माडीवर अण्णांचं ऑफिस. रोज सकाळी ते स्वतः केलेल्या सगळ्या साइट एकेक करून उघडून बघत, गवळ्याने गोठ्यात फेरी मारावी तसे. मी त्यांची भरपूर थट्टा करत असे. तुम्हालाही अशी माणसं भेटली असतील. आपण हसतो आणि ती आपलं काम करत राहतात.

बसवण्णांना मानणाऱ्या आमच्या समाजाची वधू-वर साइट अण्णांनीच केली होती. तिला पासवर्ड होता. मुलींचे फोटो आणि फोन नंबर नोंदणी केलेल्या घरांनाच दिसतील, असा शब्द त्यांनी दिला होता. पण खेड्यातल्या मंडळींना पासवर्ड लक्षात राहीना, आणि मागितला की अपमान वाटे. "आपल्याच माणसात कुलूप कामून?" म्हणत समाजाच्या समितीचे अप्पा सारखे जिना चढून येत. शेवटी वधू-वर मेळाव्यापुरता अण्णांनी पासवर्ड काढला. मेळावा झाला, मंडप उतरला, पासवर्ड परत लावायचा राहून गेला. त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर ती साइट एरवीही पासवर्ड न विचारता उघडत असे. त्यामुळे सकाळच्या फेरीत त्यांना काही कळलं नाही.

बाकीच्या घरांनी मामाचे, काकांचे नंबर दिले होते. हळ्ळीखेडच्या एका घरात मात्र मोबाइल एकच, आणि तो गुलबर्ग्याला होस्टेलवर राहून नर्सिंग शिकणाऱ्या मुलीजवळ. त्यांनी तोच दिला. तिला अनोळखी फोन यायला लागले. आधी स्थळाची चौकशी करणारे, मग घाणेरडं बोलणारे. तिने घरी सांगितलं, तर घरच्यांनी तिलाच आणून घरात बसवलं. शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती.

ही गोष्ट बीदरला पोचली तसे अप्पा घाम पुसत माडीवर आले. अण्णांनी तोवर पान बंद केलं होतं.

"साइट हॅक झाली म्हण," अप्पा म्हणाले. "हॅक म्हणलं की कोण इचारतंय?"

"हॅक न्हाई झाली, अप्पा. मी उघडी ठेवली."

"काढ म्हणून आमीच सांगितलं होतं की रं!"

"सांगितलं तुमी. काढला मी."

हळ्ळीखेडला मी सोबत गेलो. जायची मला मुळीच हौस नव्हती, पण त्यांना एकटं पाठवायची भीती वाटली.

अंगणात पाच-सहा माणसं आधीच बसली होती. कुणी बसा म्हटलं नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. मुलीचा चुलता आमच्यामागे फाटकात येऊन उभा राहिला. अण्णांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, कुणाचंही नाव मध्ये न आणता. चुलता पुढे आला आणि त्याने त्यांची कॉलर धरली.

"पोरीचा नंबर जगाला वाटलास, आन आता माफी मागायलास व्हय?"

"सोड त्याला," मुलीचे वडील म्हणाले. त्यांच्या शांत आवाजानेच मला जास्त धास्ती वाटली. "पान बंद केलास म्हणतोस. लोकायच्या फोनमदला नंबर कसा पुसणार?"

"पुसता येत न्हाई," अण्णा म्हणाले.

आता मार बसणार, असं मला वाटलं. चुलत्याची मूठ अजून वळलेलीच होती.

"त्या नंबराचं कार्ड माझ्याकडं द्या," अण्णा घाईने म्हणाले. "फोन येतील ते मी घेतो. तिला नवीन कार्ड आणा. चूक माझी हाय, परीक्षा तिची कामून बुडवायलाव?"

"आन उद्या अजून काय झालं तर?"

"तर या बीदरला. मी तिथंच हाय."

तेवढ्यात ती मुलगी आतून आली. कुणाला न विचारता तिने फोनमधलं कार्ड काढून अण्णांच्या तळहातावर ठेवलं. वडील तिच्याकडे बघत राहिले.

"सकाळच्या गाडीनं जा," ते म्हणाले.

तेव्हापासून अण्णांच्या खिशात दुसरा फोन आला. तो वाजला की आम्ही सगळे गप्प होत असू. "बोला. नाव काय तुमचं? वडिलांचं नाव? गाव कोणतं?" अण्णा इतक्या अदबीने विचारत की समोरचा घाबरून फोन ठेवून देई. मग मी हसायचो. अण्णा हसत नसत. काही जण त्यांना काय-काय ऐकवत ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसे, आणि मला त्यांची फार कीव येई.

मुलगी पास झाली, हैदराबादला दवाखान्यात लागली. तरी अण्णा त्या कार्डात पैसे भरतच राहिले.

"आता तरी बंद करा की," मी म्हणालो.

"बंद केला तर कंपनी ह्योच नंबर दुसऱ्या कुणाला तरी दील. ती पण कुणाची तरी पोरगीच असंल."

पुढे एका दुपारी कामावर बसल्या-बसल्याच अण्णांना हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी अण्णांच्या घरी गेलो तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. इतक्यात फळीवरचा तो फोन वाजला. खोलीतली सगळी माणसं दचकली. बंद करावा म्हणून मी उठलो.

"ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. पदराने तोंड पुसून त्या उठल्या, फळीवरून फोन घेतला आणि कानाला लावला.

"कोण बोलायलंय?"