सारिकाच्या सायकलचा मागचा दिवा

रविवार, ११ जानेवारी २०२६. पहाटे ५.१० ला उठले. थंडी फार. ५.४५ ला आकाशवाणी चौक. आम्ही नऊ जण. नशिराबादवरून साकेगावपर्यंत जाऊन परत. भिकनभाऊंची चेन दोनदा उतरली. मागून आलेल्या गाड्या एकेचाळीस. त्यांतल्या एकोणचाळीस सारिकाने माझ्या आधी सांगितल्या. दुपारी भरीत-भाकरी. संध्याकाळी नळाला पाणी आलं नाही.

सुगंधाबाई फेगड्यांच्या वहीत असला आकडा आजवर कधी आला नव्हता. छपन्न वर्षांच्या वह्या होत्या त्यांच्याकडे. भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये सातवीत असताना एका सिस्टरने वर्गाला रोजनिशी लिहायला लावली आणि एकच नियम घालून दिला : घडलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. शाळा सुटली, लग्न झालं, जळगावात तीस वर्षं शिकवून झालं, नवरा रुपचंद जाऊन सात वर्षं झाली; नियम काही सुटला नाही. त्यामुळे पोटात काय जळत होतं ते कागदावर येण्याचा प्रश्नच नव्हता. आला तो नुसता एकोणचाळीसचा आकडा.

सायकलवाल्यांच्या त्या घोळक्यात अडुसष्ट वर्षांच्या सुगंधाबाईंची जागा ठरलेली होती. सगळ्यांत शेवटची. आधी रुपचंदच्या मागे असायच्या, कारण तो गाणं म्हणत म्हणत रस्त्याच्या मध्यावर जायचा आणि त्याला कडेला घ्यायला कुणीतरी मागून ओरडावं लागे. तो गेल्यावर त्या सगळ्यांसाठीच ओरडू लागल्या. मोटार आली तर "गाडी!" आणि ट्रक आला तर "मोठी!" एवढं ऐकलं की जोडीने गप्पा मारत चाललेले सगळे एका ओळीत येत. सुगंधाबाईंचे वडील भुसावळला मालगाडीवर गार्ड होते, हे एकदा चहा पिताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि त्या दिवसापासून त्या "गार्ड अक्का" झाल्या. गाडीच्या शेपटाला बसून मागचं सांभाळणारा माणूस. वरवर त्या "काहीतरीच तुमचं" म्हणाल्या. पण त्या रात्री वहीत नावाच्या खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

आणि मग डिसेंबरात सारिका आली. बत्तीस-तेहेतीसची, सावद्याच्या केळीवाल्यांची लेक, धुळ्याची सून, नुकतीच जळगावच्या एका कॉलेजात नोकरीला लागलेली. तिच्या सीटखाली काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, काळा, चपटा दिवा होता. लाल उजेड तर सगळ्यांच्याच दिव्यांना असतो. याच्या पोटात रडार होतं. दीडशे मीटरवरून मागून काही वेगाने आलं की हँडलवरच्या छोट्या पडद्याची कड हिरव्याची पिवळी होई, एक ठिपका खालून वर सरकू लागे आणि 'टिंग' वाजे.

"मागून दोन येताहेत," सारिका शांतपणे सांगे. ओरडायची गरजच नाही. सुगंधाबाई मान वळवून बघत तेव्हा कुठे त्यांना पहिलीचे दिवे दिसत.

"अक्का, तुमाले आता पेन्शन सुरू झाली म्हना!" भिकनभाऊ ओरडले. हे वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले, तोंडाला लगाम नसलेले गृहस्थ. "गार्डाचा डबाच काढून टाकला रेल्वेनं!"

सगळे हसले. सारिकाही हसली आणि वर म्हणाली, "अहो, गंमत बघा ना, अक्का जोरात पेडल मारत जवळ आल्या की त्यासुद्धा ठिपका म्हणून दिसतात. मला वाटतं टेम्पो आला!"

अडुसष्ट वर्षांत सुगंधाबाईंना कुणी टेम्पो म्हटलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी भाकऱ्या इतक्या जोरात थापल्या की तिसरी परातीतच फाटली.

सारिकाचं सगळंच त्यांना दिसू लागलं. तिचे गुडघे दुखत नाहीत. ती चढावर बोलू शकते. तिच्या दिव्याकडे जो तो वाकून बघतो आणि ती कंटाळा न करता दर वेळी सांगते. तिने उद्धटपणा केला असता तर बरं झालं असतं. पण मुलगी गोड होती, आणि तेच जास्त टोचत होतं.

बुधवारी त्या भूषणच्या सायकलच्या दुकानात गेल्या. भूषण म्हणजे घोळक्याचा म्होरक्या.

"मला तो दिवा दाखव. तिच्यापेक्षा चांगला."

"कोणाच्यापेक्षा?" भूषणने साळसूदपणे विचारलं.

"दाखव म्हटलं ना."

भूषणने मोबाइलवर चित्रं काढून समजावलं. एकाला स्वतःचा वेगळा पडदा असतो, दुसऱ्याला मोबाइलच हँडलवर लावावा लागतो. सतत पेटता ठेवला तर बॅटरी पाच-सहा तास, लुकलुकता ठेवला तर दुपटीहून जास्त. सीटखालचा दांडा गोल आहे की चपटा ते बघून पकड घ्यायची. "आणि हा कॅमेऱ्यावाला. मागचं सगळं रेकॉर्ड होतं, अक्का."

"मागचं सगळं मी वहीत रेकॉर्ड करते. कॅमेरा नको. वेगळ्या पडद्याचा दे, मोबाइल मी हँडलवर लावणार नाही."

"मागवावा लागेल. तीन आठवडे."

तीन आठवडे म्हणजे धुळ्यानंतर. दर वर्षी सव्वीस जानेवारीच्या आसपासच्या रविवारी सगळे जळगावहून धुळ्याला सायकलने जात. वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. त्या दिवशी शेवटच्या सायकलवर कोण, याला काही अर्थ होता.

"निदान माहितीपुस्तक तरी दे."

ते इंग्रजी माहितीपुस्तक त्यांनी दोन दुपारी बसून अथपासून इतिपर्यंत वाचलं. घोळक्यात कुणीही ते उघडलं नसणार, सारिकानेही नाही, याची त्यांना खात्री होती. त्यात दोन वाक्यं होती. एक : घोळक्यात रडार सर्वांत शेवटच्या सायकलवर असावं, नाहीतर मागच्या सायकलींमुळे त्याची नजर अडते. दोन : दिव्याच्या तोंडासमोर काहीही येऊ देऊ नये, पिशवी, कपड्याचं टोक, काही नाही.

पहिलं वाक्य त्यांनी तीनदा वाचलं. हे कळलं तर सारिका मागे जाईल. म्हणजे सुगंधाबाई पुढे. आठांमधली एक म्हातारी, बस्स. त्यांनी पुस्तक मिटलं आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलं.

आणखी एक गोष्ट होती, तीही कुणाला माहीत नव्हती. दिवाळीपासून त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येत होतं. गाड्या त्या ऐकून सांगत नव्हत्या. वीस पेडल मोजायच्या आणि मान वळवून मागे बघायच्या. वडील दर खांबाला डब्यातून वाकून बघत, तसं. बिनआवाजाच्या बॅटरीवरच्या रिक्षा आल्यापासून तर तेवढाच आधार होता.

पंचवीस तारखेला पहाटे चौकात सगळे जमले. सारिकाच्या दिव्यावर लिंबू-मिरची लटकत होती. सात मिरच्या, मधे लिंबू, खाली कोळसा, तारेत ओवून नेमकी दिव्याच्या तोंडावर बांधलेली.

"हे काय नवीन?" भूषणने विचारलं.

"सासूबाई संक्रांतीला आल्या होत्या. परवा जाताना स्वतः बांधून गेल्या. 'बठ्ठास्नी नजर शे त्या दिवावर' म्हणाल्या, सगळ्यांचीच नजर आहे म्हणे. आज जेवायला त्यांच्याकडेच जायचंय, काढलं तर घरात महाभारत!"

भिकनभाऊंनी सुगंधाबाईंकडे बघून डोळा मारला. सुगंधाबाईंनी हातमोजे चढवले. दिव्याच्या तोंडासमोर काहीही येऊ देऊ नये. वाक्य अख्खं, पानाच्या आकड्यासकट डोळ्यांपुढे उभं राहिलं. बोलायला दोन क्षण लागले असते. त्या बोलल्या नाहीत.

पाळधी मागे पडलं. तीन ट्रक गेले, पडदा हिरवाच. तिन्ही सुगंधाबाईंनी सांगितले. "वा, अक्का आज फॉर्मात आहेत!" पुढून कुणीतरी म्हणालं. एरंडोलपर्यंत चौदा गाड्या, चौदाच्या चौदा त्यांच्या. सारिका एकदा पडद्यावर टिचकी मारून म्हणाली, "आज रस्ता मोकळाच दिसतोय." सुगंधाबाईंना महिन्याभरात इतकं हलकं वाटलं नव्हतं. त्या लिंबाकडे बघत राहिल्या. खड्डा आला की ते उडी मारी, दिव्यावर आपटे, पुन्हा झुलू लागे. त्यांना ते फार आवडलं.

पारोळ्याच्या पुढे वारा समोरून आला. सारिका आणि भिकनभाऊ जोडीने चालले होते. सुगंधाबाईंचं मोजणं बारा पेडलांवर थांबलं. लिंबाची सालटी सुटली होती, ते आता पडतंय की काय, हे त्या बघत होत्या. मान वळवायची राहून गेली.

हॉर्न अगदी पाठीवर वाजला.

"मोठी!" त्या किंचाळल्या. भिकनभाऊ दचकून पुढे सटकले. सारिकाने मात्र आधी पडद्याकडे बघितलं. हिरवा. तेवढ्या एका क्षणात केळीचा ट्रक तिच्या कोपराला वारा लावून निघून गेला आणि ती कडेच्या खडीत सायकलसकट आडवी झाली.

कोपर सोललं होतं, पँट गुडघ्यावर फाटली होती, बाकी काही नव्हतं. पुढचे सगळे मागे फिरले. सारिका खडीतच बसून पडद्याकडे बघत होती.

"काहीच दाखवलं नाही. अक्का ओरडल्या, पण मी आधी यात बघितलं. बिघडलाय वाटतं."

"मशीनचा भरोसा नाही म्हनून तर सांगतो, आपली अक्काच बरी," भिकनभाऊ म्हणाले.

महिनाभर ज्या वाक्याची वाट बघितली ते हे. सुगंधाबाई खाली बसल्या आणि तारेचा पीळ सोडवून लिंबू-मिरची काढली.

"बिघडलेला नाही. यामुळे त्याला दिसत नव्हतं. पुस्तकात लिहिलंय. मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"चौकापासून."

"साठ किलोमीटर?" सारिका हळू म्हणाली. "साठ किलोमीटर माझ्या मागे होतात तुम्ही."

"हो. आणखी ऐक. घोळक्यात हा दिवा शेवटच्या सायकलवर पाहिजे. तेही लिहिलंय. तेही सांगितलं नाही, कारण शेवटची जागा मला सोडायची नव्हती."

सारिकाने कोपरावर पाणी ओतून घेतलं. ती रागाने ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ती फक्त उठली, सायकल सरळ केली आणि म्हणाली, "मग तुम्ही पुढे व्हा. मी मागे येते."

सात वर्षांत पहिल्यांदा सुगंधाबाईंच्या पाठीमागे कुणीतरी होतं. भिकनभाऊंची पाठ बघत त्या पेडल मारत राहिल्या. मुकटीच्या अलीकडे भिकनभाऊ अचानक कडेला सरले, त्यांच्या पुढचेही सरले, आणि कंटेनर शेजारून गेला तेव्हा सुगंधाबाईंना कळलं, की मागून "मोठी!" अशी हाक आली होती. पुढच्यांना ऐकू गेली होती. त्यांना नाही.

त्या कडेला आल्या आणि उजव्या हाताने कान चोळला, जणू थंडीनेच झालं होतं. तरीही, एवढं सगळं होऊनही, मनात पहिलं जे आलं ते हे, की पोरीचा आवाज बारीक आहे, पोटातून काढत नाही.

धुळ्यात देवपूरला सारिकाच्या सासरी पानं मांडली होती. सासूबाई बेबाबाई दारातच उभ्या. सुनेचं कोपर बघण्याआधी त्यांनी सायकलचं मागचं टोक बघितलं.

"मना लिंबू कोठे गया?"

सारिका खाली बघत बूट सोडत राहिली. सांगायचं की नाही ते तिने दुसऱ्यावर सोडलं होतं.

"मी काढलं," सुगंधाबाई म्हणाल्या. "ताई, नजर माझीच होती."

बेबाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पांढरे केस, हेल्मेट, हातमोजे. मग मांडीवर थाप मारून त्या अशा हसल्या की आतून मुलगा बाहेर आला.

"मंग मना लिंबू बराबरच व्हता!"

हसणं ओसरल्यावर त्यांनी मूठभर मीठ-मिरच्या घेतल्या, आधी सुनेवरून ओवाळल्या आणि मग सुगंधाबाईंना ओट्यापाशी ओढून त्यांच्यावरूनही. "नजर लावनारीनी बी काढनी पडस." मिरच्या तव्यावर टाकल्या. ठसका एकट्या सुगंधाबाईंना लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सारिकाने पाण्याचा तांब्या पुढे केला. जेवताना ती पंगतीच्या दुसऱ्या टोकाला बसली.

सायकली टेम्पोत घालून सगळे संध्याकाळी जळगावला परतले. उतरताना भूषणने विचारलं, "अक्का, तुमचा दिवा मागवलाय, घ्यायचा ना?"

"नको. त्याऐवजी कानाच्या डॉक्टरचा नंबर दे कोणीतरी," त्या म्हणाल्या. समोर सारिका टेम्पोतून आपली सायकल उतरवत होती, जपून, सोललेलं कोपर वर धरून. लाल दिवा लुकलुकत कोपऱ्यावर वळेपर्यंत सुगंधाबाई बघत राहिल्या. अजूनही हेवा वाटत होता. तेवढाच.

घरी येऊन त्यांनी वही उघडली.

रविवार, २५ जानेवारी. जळगाव ते धुळे, नऊ जण. लिंबू दिसलं होतं, बोलले नाही. सारिका पडली, कोपराला लागलं. मागून आलेल्या गाड्या : पारोळ्यापर्यंत सव्वीस, पुढच्या मोजल्या नाहीत. ज्वारीचं पीठ संपलं, उद्या दळण टाकणे.