तळघरातले दिवे आणि माझा जप

सगळ्यात आधी आली ती शेजारची इंगे. चारला बोलावलं होतं तर चारच्या ठोक्याला दारात हजर, हातात सफरचंदाचा केक आणि तोंड सुरू... मागून तिचा नवरा होर्स्ट, खिशात टेस्टर. कॉफीला बोलावलेला माणूस टेस्टर घेऊन येतो का कधी? पण आमच्या अविनाशने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की आईच्या खोलीतले दिवे दगा देतायत.

परवाच्या रविवारची गोष्ट ही. पण आधी खोलीचं सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही. (सूनबाईने मराठी टाइप करायला शिकवलंय, मी चौथी शिकलेली, चुकांना हसू नका.)

आम्ही जर्मनीत नेकारसुल्मजवळ राहतो. अविनाश म्हणजे माझा मुलगा, गाड्यांचा इंजिनिअर. इथल्या घरांना खाली तळघर असतं, केलर म्हणतात. आमच्या केलरमध्ये सायकली, बटाटे आणि बर्फातले टायर पडलेले असायचे... तिथे त्याने माझ्यासाठी खोली केली.

इथे उठसूट वायरमन बोलवत नाहीत. चांगली साहेबमाणसं शनिवारी दुकानातून वायरीची भेंडोळी आणतात आणि स्वतःच भिंती कोरत बसतात. शेवटी फ्यूजच्या डब्याला जोडून तपासायला तेवढा लायसनवाला येतो.

अख्खा हिवाळा हा मुलगा पांढराफटक होऊन वर यायचा. जेवताना केसातलं प्लास्टर आमटीत. "गाडीची वायर वेगळी रे, घराची वेगळी," एवढंच मी एकदा म्हणाले, तर फुगून बसला.

पण खोली झाली हो छान! छताला पांढऱ्या फळ्या, त्यात बसवलेले इवले इवले दिवे, कोपऱ्यात माझे देव. खिडकी हातभर, दिवसाही अंधार... म्हणून मला बटण चाचपडायला नको, तर त्याने असं काहीतरी बसवलं, की मी आत पाऊल टाकलं की दिवे आपोआप लागतात.

दिवा लागला की हात जोडायची माझी सवय. मी आपली मुद्दाम आत-बाहेर करायची आणि दरवेळी हात जोडायची... देवसुद्धा कंटाळला असेल.

आणि मग ते सुरू झालं. संध्याकाळी देवापुढे बसले की थोड्या वेळाने दिवे गप्पकन बंद! "अगं बाई" म्हणून उठावं, तर परत लख्ख. रोज हेच...

मला काही कळेना. देवांची जागा बदलली, चटई बदलली, तोंड पूर्वेला केलं. मग वाटलं, आमच्या ह्यांचा फोटो देवांच्या फार जवळ लागलाय, म्हणून असेल. ह्यांना हयातीतही माझी पूजा लांबलेली खपायची नाही.

पोराला सांगायला जीव धजेना. एवढं राबून केलंय आणि आईनेच खोट काढायची? शेवटी सांगितलं. तो धावत खाली, शिडीवर चढला, हात वर करून इकडून तिकडे फिरला... दिवे आपले चालूच!

"तेव्हा तू काय करत होतीस?"

"काय करणार? देवाचं करत होते."

मग म्हणाला, वर कुठेतरी जोड ढिला राहिलाय, छत उघडावं लागणार. सगळ्या फळ्या खाली!

तर रविवारी होर्स्टने टेस्टर लावला, "या, या" म्हणजे "हो, हो" करत मान डोलावली, सापडलं काहीच नाही. अविनाशने स्क्रू काढायला ड्रिल उचललं तर होर्स्टने हातातून काढून घेतलं. रविवारी इथे आवाज करायची चोरी आहे, पलीकडची म्हातारी टपूनच बसलेली असते म्हणे.

तेव्हा मेधा, म्हणजे सूनबाई, म्हणाली, "आई, तुम्ही रोज करता तेच करा. आम्ही बसतो. आणि कुणी बोलायचं नाही हं." हे जर्मनमधून इंगेला दोनदा सांगितलं.

मी माळ घेतली. होर्स्ट खुर्चीत, इंगे भिंतीला टेकून पाय पसरून, मेधा दाराशी. अविनाश माझ्या शेजारी मांडी घालून बसला. मुंजीनंतर हा देवापुढे असा बसल्याचं मला तरी आठवत नाही.

इंगेसुद्धा गप्प. माळेवर माझा अंगठा तेवढा फिरतोय, शेजारी लेकाचा श्वास ऐकू येतोय... आणि दिवे गेले.

कुणीच हललं नाही. मग काळोखात होर्स्ट खो खो हसत सुटला, त्याने हात वर केला आणि दिवे लागले!

त्या यंत्राला म्हणे हलणारं माणूस तेवढं दिसतं. कुणी हललं नाही की त्याला वाटतं खोली रिकामी आहे, चला झोपा. वायर एकदम ठीक, जोड ठीक, माझं पोरगं हुशार!

"आई, जप करते म्हणून सांगायचंस ना! मला वाटलं घंटा, आरती, हात हलत असणार..."

"एक दिवस खाली येऊन बसला असतास, म्हणजे कळलं असतं."

मग हसला. साधं बटण बसवून देतो म्हणाला. नात त्या दिवशी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती म्हणून हे जमलं, ती असती तर त्या खोलीत दिवे जन्मात गेले नसते.

फळ्या वाचल्या याचा आनंद आहेच. पण खरं सांगू... तो काळोख मला फार आवडला. सगळे एका जागी स्वस्थ बसले तर घरात असं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

बटण बसव, पण घाई करू नकोस, असं म्हटलंय त्याला. इंगे आणि होर्स्ट येत्या रविवारी चार वाजता परत येणार आहेत, दिवे घालवायला.