सगळ्यांनाच ईशान्य हवी

"साहेब, आमचा हौद वायव्येला काढलाय तुमी. तेवढं ईशान्येला घ्या."

त्या आठवड्यात हे वाक्य ऐकवणारे जगताप चौथे. ते सोसायटीचे चेअरमन, पंचायत समितीत हेडक्लार्क. ऐंशीच्या आगेमागे उस्मानाबादेत माझं छोटं ऑफिस होतं. घरांचे प्लॅन काढायचे, तपासायचे, सही करून परवान्यासाठी नगरपालिकेत दाखल करायचे, हे काम. जगतापांच्या सोसायटीचे दहा प्लॉट होते, एका ओळीत, तोंड उत्तरेच्या रस्त्याकडं. जागा सरकारी. अट अशी की ठरल्या मुदतीत परवान्याचा अर्ज गेला नाही तर जागा परत. मुदत सोमवारी संपत होती.

मी घरं जोडीजोडीनं काढली होती. एक सुलटं, शेजारचं उलटं. ट्रेसिंग पेपर पालथा घातला की उलटा प्लॅन तयार होतो, फक्त अक्षरं नव्यानं लिहायची. अशा जोडीत मोऱ्या शेजारीशेजारी येतात, पाइप वाचतो. आम्हाला शिकवलेलंच तसं.

पण उलट्या घरात हौद वायव्येला गेला, आणि सोसायटीत आग लागली. दुष्काळात टँकर येणार आठ दिवसांनी एकदा, म्हणजे हौद हाच घराचा जीव. तो ईशान्येलाच पाहिजे, असं कुणीतरी गुरुजींनी सांगितलेलं. पाच उलटे प्लॅन, चार तक्रारी. मी पाइप समजावला, खर्च समजावला. जगताप मान डोलवायचे आणि शेवटी म्हणायचे, "ते समदं खरं हाय साहेब, पण ईशान्य ती ईशान्यच."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, घ्या बाबांनो ईशान्य. सगळ्यांना एकच सुलटा प्लॅन दिला.

शनिवारी अमोनिया प्रिंट, म्हणजे प्लॅनच्या छापील प्रती, आल्या. एकेक उघडून तपासली. मार्जिन, म्हणजे घराभोवती सोडायची मोकळी जागा, बरोबर. खोल्यांची मापं बरोबर, खिडक्या पुरेशा. दहाच्या दहा निर्दोष. मी स्वतःवर खूश होतो.

चारच्या सुमारास तीन नंबरच्या ओव्हाळ सिस्टर सहीला आल्या. सरकारी दवाखान्यात नर्स. सही करायच्या आधी त्यांनी विचारलं, "सर, चार नंबरचा नकाशा बघू का? मला शेजारी काय येतंय ते बघायचंय."

"सगळे सारखेच आहेत, सिस्टर."

"असूद्या की, बघते."

त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवले, कडेला कड लावली आणि बोट टेकवलं. "हा माझा हौद. आणि हे काय हाय?"

ती चार नंबरची सेप्टिक टँक होती.

हौद पुढं, कारण टँकरचा पाइप रस्त्यावरून पोचला पाहिजे. सेप्टिक टँक, म्हणजे संडासाची टाकी, तीही पुढंच, कारण मैला उपसणारी गाडी मागं जात नाही. घरातून रस्त्याकडं तोंड केलं की उजव्या हाताला हौद, डाव्या हाताला टाकी. दहाही घरं सारखी, म्हणजे प्रत्येकाचा हौद उजवीकडच्या शेजाऱ्याच्या टाकीला चिकटलेला. मधे फक्त कंपाउंडची भिंत. खाली काळी माती, जी उन्हाळ्यात फाटते आणि बांधकामालाही तडे पाडते. उलटसुलट जोडीत हौदाशेजारी हौद आणि टाकीशेजारी टाकी येत होती. मी मात्र त्यात पाइपच बघितला होता.

लाज वाटली. रागाच्या भरात प्लॅन बदलला आणि एकेक कागद सुटा तपासून मोकळा झालो.

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "माझी हयात दुसऱ्याच्या नळावर गेली, सर. पहिल्यांदा घरचा हौद व्हतोय. त्यात हे मिसळलेलं न्हाय चालायचं मला."

रविवारी शाळेत मीटिंग घेतली. दहाही घरं एका मोठ्या कागदावर काढली. हौद निळे, टाक्या तांबड्या. कागद फळ्यावर लावला. निळ्याला तांबडं, निळ्याला तांबडं, अशी ओळ. माणसं पुढं येऊन आपापलं घर शोधायला लागली. मग सगळे एकदम बोलायला लागले, आणि सगळ्यांचं एकमत झालं की टाकी हलवलीच पाहिजे. शेजाऱ्याची.

मी कपाळावर हात मारून घेतला.

"माझं घर उलटं करा," सिस्टर म्हणाल्या. "आमी बौद्ध. आमाला ईशान्येचं काय न्हाय. पण माझ्या एकटीनं भागंल का?"

भागणार नव्हतं. एक, तीन, पाच, सात, नऊ, सगळी विषम घरं पहिल्यासारखी उलटी व्हायला हवी होती. एक नंबरचा कॉर्नर प्लॉट जगतापांचा.

"सिस्टर, देवाधर्माचं बी कायतरी बघावं लागतं," जगताप म्हणाले.

"वॉर्डात गॅस्ट्रोचा पेशंट आला की तुमचा हौद कोणत्या दिशेला, असं मी विचारत न्हाय, साहेब. सलाईन लावते."

मी सांगून टाकलं, ह्या प्लॅनवर माझी सही होणार नाही, आणि सहीशिवाय अर्ज जात नाही. जागा घालवायची तर खुशाल घालवा. तासभर घासाघीस झाली. चौघं तयार झाले. सगळ्यात शेवटी जगतापांनी मान खाली घालून सही केली. "बरं, काढा उलटा."

सोमवारी ऑफिस बंद व्हायच्या आत अर्ज दाखल झाला. जागा वाचली, परवानाही मिळाला.

घरं उभी राहिली. दुसऱ्या उन्हाळ्यात जगतापांच्या घरातली चार माणसं सिस्टरांच्या वॉर्डात सलाईनवर पडली. मी जाऊन घर बघितलं. जगतापांनी गवंड्याला सांगून हौद आणि टाकीची अदलाबदल केली होती. हौद ईशान्येला, दोन नंबरच्या टाकीला अगदी खेटून.

माणसं बरी होऊन घरी आली. तो उन्हाळाभर जगतापांच्या घरचे हंडे एक घर सोडून ओव्हाळ सिस्टरांच्या हौदावर भरत होते. सिस्टरांनी एकदाही नाही म्हटलं नाही. त्या हंड्यांकडं बघून मला रागही आला आणि बरंही वाटलं.

पाऊस पडल्यावर जगताप ऑफिसात आले. "साहेब, हौद पलीकडच्या बाजूला घ्यायचाय. नवा प्लॅन काढून द्या."

"नवा कशाला? मंजूर झालेला तुमच्या फायलीत आहे. तोच उघडा."

तेव्हापासून प्लॅन तपासायला आला की मी आधी शेजारच्या घराचा कागद मागतो. लोक वैतागतात. म्हणतात, घर आमचं, त्यांचा काय संबंध?