बाई खरं काय म्हणाल्या

ही गोष्ट मी मुलीलाही सांगितलेली नाही. तिने आईच्या पडण्याबद्दल विचारलं, की इतकी वर्षं मी विषय बदलत आलो. आता लिहून टाकतो.

बनशंकरीत आमच्या घरामागच्या सभागृहात साठीपुढच्या बायकांसाठी व्यायामाचा वर्ग सुरू झाला होता. पायांत बळ यावं, तोल सांभाळता यावा म्हणून. माझी पत्नी हौसेने जाऊ लागली. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलायच्या, एका पायावर उभं राहायचं. शिकवणाऱ्या बाई फक्त कन्नड बोलत. पत्नीचं कन्नड भाजीवाल्यापुरतं. माझं आयुष्य कारखान्यात कन्नड बोलण्यात गेलेलं, त्यामुळे दुभाष्या म्हणून मीही मागे बसे.

एकदा एका पायावर उभी असताना ती डगमगली. बाईंनी सावरलं. ती हसलीसुद्धा. मी मात्र घाबरून उठलो. माझी आई अशीच पडली होती, आणि पुन्हा उठली नव्हती.

वर्ग संपल्यावर बाई पत्नीकडे बोट करून मला म्हणाल्या, "अम्मांचे पाय अशक्त आहेत, म्हणूनच थांबवू नका. घरीही रोज स्वल्प, थोडंसं, करू द्या. तुम्ही जवळ उभे राहा, पण हात धरू नका."

"काय म्हणाल्या हो?" पत्नीने विचारलं.

"तुला झेपणार नाही म्हणाल्या. उद्यापासून येऊ नका."

"एवढं मोठं बोलल्या, आणि मराठीत एवढंसंच?"

"हो."

तिने दोन्ही बाटल्या तिथल्याच कुंडीत रिकाम्या केल्या.

मला वाटलं, आता भीती जाईल. ती वाढली. वर्षभरात पत्नीला माझ्या हाताशिवाय खुर्चीतून उठता येईना. स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी मी धावत जाई. न्हाणीघराबाहेर मी उभा राही.

"पडलीस का गं?"

"अहो, आंघोळ तरी करू द्या! पहारा कसला देताय?"

एका सकाळी दूध आणायला गेलो आणि किल्ली घरात विसरलो. परत येऊन मीच घंटा वाजवली. ती एकटी उठायला गेली. दाराबाहेर मला तो आवाज ऐकू आला. शेजाऱ्यांकडची दुसरी किल्ली आणेपर्यंत ती आतून मला हाका मारत होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात ती म्हणाली, "त्या बाईंनी बरोबर ओळखलं होतं. माझ्या पायांत दमच नव्हता."

मी तोंड उघडलं आणि विचारलं, "पाणी देऊ?"

त्यानंतर आठच दिवस ती होती. रोज ठरवून जात होतो, आणि रोज पाणीच विचारून परत येत होतो. सांगायचं होतं ते इतकंच: बाईंनी तुला नको म्हटलं नव्हतं गं. त्या रोज कर म्हणत होत्या. घाबरलो होतो तो मी. मला माफ कर.