मोबाईलवर मोर, दारात चपला

उद्या सकाळी माझ्या दारातली रांगोळी मी काढणार नाही, समोरच्या फ्लॅटमधल्या काकू काढणार आहेत. थोड्या वेळापूर्वी त्यांनी स्वतःच येऊन हे पक्कं केलं... म्हणजे बातमी खरी आहे.

सवय जात नाही. सगळी नोकरी जबलपूरच्या एका हिंदी पेपरच्या डेस्कवर झाली, रिटायर झाले तरी खात्री केल्याशिवाय काही लिहवत नाही.

रोज सकाळी मी रांगोळी काढते आणि तिचा फोटो स्टेटसला ठेवते. हे गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. मुलगा निनाद हैदराबादला... फोन क्वचित करतो, पण स्टेटस बघणाऱ्यांत त्याचं नाव दिसलं की कळतं, उठला, बरा आहे. मी बरी आहे हे त्यालाही रांगोळीवरून कळत असेल, असं मी धरून चालले होते.

परवा जवळच्या पनागर गावाहून येणाऱ्या भाजीवाल्याच्या गाडीवरचं टरबूज उचलताना उजवं मनगट लचकलं. काल सकाळी चिमटीत रांगोळी धरवेना. मग फोनमधला दिवाळीचा जुना मोर शोधला आणि तोच टाकून दिला.

भर उन्हाळ्यात, मोराशेजारी पेटती पणती... तरी अंगठे आले, "आज तर कमालच" आलं. निनादचा बदामही आला.

आज सकाळी तोच मोर पुन्हा टाकला. मुद्दाम. कुणीतरी विचारेल म्हणून... पुन्हा अंगठे, पुन्हा बदाम. मी फोन उपडा ठेवला.

दुपारी बेल वाजली. दारात काकू. सगळा संसार फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये झालेला, आवाज अजून तिथल्यासारखाच, भोंग्यावर चढणारा.

"काहून गं, नातीच्या मोबाईलवर तुझा मोर नाचून राहिला अन् दारात नुसत्या चपला? बिमार आहेस का?"

मी मनगटाचं बँडेज दाखवलं.

"अच्छा! म्हणजे दोन दिवसांपासून जगाला फसवून राहिली तू."

"तुम्ही तर कधी लाइकसुद्धा करत नाही, काकू."

"मला नाही जमत ते अंगठे-बिंगठे. दूध घ्यायला दार उघडते, तर समोर दिसतेच ना तुझी रांगोळी."

फोटो काढला की मी दार लावून आत यायचे आणि बघणाऱ्यांची नावं वाचत बसायचे. त्यांत काकूंचं नाव कधीच नव्हतं... आणि त्याच वेळी समोरचं दार उघडत होतं.

संध्याकाळी त्या रांगोळीचा डबा मागायला परत आल्या. "पण ऐक, मला फक्त कासव येते. तेही वाकडं. तू स्टुलावर बस अन् सांगत राहा."

निनाद फेसबुकवर नसतो, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. ते वाकडं कासव उद्या जसंच्या तसं स्टेटसला जाईल. हा हात आईचा नाही, हे त्याला ओळखू आलं तर फोन येईल...

येईल की नाही, याची खात्री कुणी दिलेली नाही. काकू मात्र दूधवाल्याच्या वेळेला येणार आहेत. चहा दोन कप टाकायचा आहे.